चिमट्याची ओळख

“तो. डावीकडून चौथा.”

काळ्या काचेमागून मावशींनी बोट दाखवलं ते खाली घेतलंच नाही. पलीकडच्या खोलीत सहा माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. त्यांना मावशी दिसत नव्हत्या, मावशींना ती सगळी दिसत होती. फौजदार म्हणाला, घाई करू नका, पुन्हा एकदा बघा. मावशींनी पुन्हा बघितलं. बोट चौथ्यावरच.

फौजदाराच्या जिवात जीव आला. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींच्या गळ्यातली साखळी ओढून कुणीतरी त्यांना जिन्यावरून ढकललं होतं. आजी अजून शुद्धीवर आल्या नव्हत्या. खाली पळणाऱ्या माणसाला समोरून पाहिलं होतं ते एकट्या मावशींनी. त्या शिवणकाम करायच्या, आजींचे कपडे द्यायला जिना चढत होत्या. आणि हा चौथा म्हणजे घरोघर पाण्याचे फिल्टर विकणारा. त्या दिवशी तो इमारतीत येऊन गेला, एवढ्यावरच त्याला उचललं होतं. साखळीचा पत्ता नव्हता. बारापर्यंत काही हाती लागलं नाही तर त्याला सोडणं भाग होतं, आणि साडेअकरा वाजून गेले होते.

मावशींना बाहेरच्या बाकावर चहा देऊन बसवलं. बाकीच्या पाच जणांना रजा दिली. फौजदार बेड्या घेऊन आत गेला. समोर साठीचा, टकला, गालफडं बसलेला माणूस. याला आपण कुठेतरी पाहिलंय, असं फौजदाराला कालपासून वाटत होतं. जुन्या फायली त्याने पालथ्या घातल्या होत्या, पण त्यात हा चेहरा काही सापडला नव्हता.

फिल्टरवाल्याने न सांगताच दोन्ही मनगटं पुढे केली. मान तिरकी करून हळूच म्हणाला,

“साहेब, आज लवकर आलात.”

हवालदाराच्या हातातलं पेन गळून पडलं.

अरे, हा तर चिमट्या! तीस वर्षांपूर्वीची ती पोलिसांची मालिका. शनिवारी साडेआठ वाजले की रस्ते ओस पडायचे. फौजदार तेव्हा आठ वर्षांचा. शेजारच्यांच्या घरी जमिनीवर मांडीला मांडी लावून वीसेक जण बसायचे, आणि मालिकेतला इन्स्पेक्टर शीळ घालत जिना चढू लागला की एकही पोर हूं की चूं करायचं नाही. दर दोन-तीन भागांनी हा चिमट्या नावाचा भुरटा चोर सापडायचा, असाच मनगटं पुढे करायचा आणि हेच वाक्य म्हणायचा. गुरुजी वर्गात शिरले की मागच्या बाकावरून कुणीतरी तेच पुटपुटायचं आणि अख्ख्या वर्गाला छड्या बसायच्या. वर्दीचं वेड तुला त्या डबड्यानेच लावलं, असं फौजदाराची आई अजूनही ऐकवते.

हवालदाराला टाकीत लपल्याचा भाग आठवला. शेजारच्या खोलीतून आलेली पोलीसबाई म्हणाली, टाकी कुठली, ते पिंप होतं, आणि दोघांची त्यावरून जुंपली. मनगटं मागे घेत चिमट्याने निकाल दिला की पिंपच होतं, आणि पाणी बर्फासारखं गार होतं. सगळे हसले. घड्याळाकडे कुणी बघितलंच नाही.

मग फौजदाराच्या डोक्यात प्रकाश पडला. चिमट्याही खिन्नपणे तेच सांगू लागला. लोक बसथांब्यावर अडवतात, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय म्हणतात. मालिका विसरतात, साहेब, चेहरा तेवढा राहतो. एकाने तर सायकलचोर म्हणून धरलंसुद्धा होतं.

बरोबरच होतं. शनिवारच्या मालिकेत चोर म्हणून पाहिलेलं तोंड. जिन्यावर कुणीतरी आजींना धक्का देऊन पळालं, मावशी घाबरल्या, आणि मनाने तेच तोंड त्या पळणाऱ्याला चिकटवलं. त्या एका बोटावर आपण या बिचाऱ्याचं म्हातारपण तुरुंगात घालवणार होतो! चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही आपल्या हातून. फौजदाराने बेड्या खुंटीला अडकवल्या आणि स्वतः हात जोडून माफी मागितली.

मग चहा झाला, फोटो झाले. निघताना चिमट्या म्हणाला, कोण होत्या हो त्या ताई? माझा काही राग नाही. उलट सहीचा फोटो नेऊन देतो, त्यांच्याही मनातलं किल्मिष जाईल. केवढं हे मोठं मन! फौजदाराने भारावून सांगून टाकलं, बसस्थानकामागे, घड्याळजीच्या शेजारचं शिलाईचं दुकान. चिमट्या मागच्या फाटकाने निघून गेला.

बारा वाजता फौजदार बाकावर मावशींच्या शेजारी टेकला. तुमची काही चूक नाही, भल्याभल्यांचं असं होतं, असं म्हणत त्याने सगळी हकिकत समजावून सांगितली. शनिवार, साडेआठ, ओस पडलेले रस्ते, चिमट्या. मावशी चहाचा कप तसाच धरून ऐकत राहिल्या. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“तेव्हा मी सूतगिरणीत होते, साहेब. त्या मालिकेपायी शनिवारची रात्रपाळी कुणी घ्यायचं नाही, म्हणून ती कायम माझ्या गळ्यात पडायची. मी तिचा एक भागसुद्धा पाहिलेला नाही.”