पंपाचं पॅकिंग

शेवटचा बोल्ट निघाला, पण गाडीचा पाण्याचा पंप इंजिनाला चिकटूनच राहिला. एवारिस्तोने हात मागे घेतला.

"हलव की," शेजारचा कुंदो म्हणाला. "पंप आहे तो, तुझी सासू नाही. चावणार नाही."

एवारिस्तो हलला नाही. तेरा महिने ही गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती आणि तेरा महिने त्याने तिचं बॉनेट उघडलं नव्हतं. आजही उघडलं नसतं. पण मुलगी मायदेलीन पुढच्या महिन्यात बाळंत होणार होती. हिगुआनी गावाहून बायामो शहरातलं इस्पितळ सव्वीस किलोमीटरवर, आणि बसचा काही नेम नाही. तिने स्वतःच कुठून तरी नवा पंप मिळवला आणि परवा आणून टेबलावर ठेवला. "बाबा, हा बसवा," एवढंच म्हणाली. त्याच्या तोंडाकडे तिने बघितलं नाही.

जुना पंप त्यानेच बसवला होता, घरी, एका रविवारी. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारं पॅकिंगही इथे सगळे करतात तसंच केलं होतं. फाइलचा पुठ्ठा पंपाच्या तोंडावर धरायचा आणि कडेकडेने हातोडीने हलके ठोकत जायचं. जिथे जिथे भोक हवं, तिथे पुठ्ठा आपोआप कापला जातो. बोल्टांची चार भोकं त्याने पाडली. पाण्यासाठीचं मधलं मोठं भोक राहिलं होतं, तेवढ्यात बायकोने, नेरेइदाने, आतून हाक मारली, "अहो, कॉफी निवतेय." तो उठला. कॉफी प्यायला. ती काहीतरी बोलली, तो हसला. मग परत येऊन त्याने पंप बसवला, दोन मिनिटं इंजिन चालवून बघितलं आणि हात धुतले. मोठं भोक पाडलं की नाही, हे त्याला आठवत नव्हतं.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, नेरेइदाच्या छातीत दुखायला लागलं. तो बेकरीत पाळीवर होता. मायदेलीनने आईला गाडीत घातलं आणि ती बायामोकडे निघाली. पुलाजवळ गाडीतून वाफ निघाली आणि ती बंद पडली. भर उन्हात चाळीस मिनिटं गेली. मग केळ्यांचा एक ट्रक थांबला. इस्पितळ येण्याआधीच नेरेइदा गेली.

भोक नसेल तर पाणी फिरत नाही. पाणी फिरलं नाही तर इंजिन उकळतं. एवढं त्याला कळत होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मायदेलीनने ओळखलंय असं मात्र त्याला वाटायचं. त्या दिवसापासून ती या गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नव्हती.

"सर बाजूला," कुंदो म्हणाला. त्याने पंपावर लाकडाचा तुकडा ठेवला आणि एक ठोका मारला. पंप सुटला. घाण पाणी दोघांच्या चपलांवर सांडलं. एवारिस्तोने डोळे मिटले.

"कुंदो, पॅकिंग बघ."

"इंजिनालाच चिकटलंय."

"मधलं भोक आहे का?"

"म्हणजे काय?"

"आहे का नाही ते सांग, गड्या!"

"हे काय, माझं बोट आरपार जातंय. चांगलं गोल पाडलंयस. डोळे उघड की, रडतोस कशाला?"

एवारिस्तो मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. कुंदोने पंप उलटा केला. एका हाताने बाहेरची पुली घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने आतला पंखा फिरवला. पुली जागेवर राहिली, पंखा मात्र गरगर फिरला.

"हे बघ. पंखा दांड्यावर सैल झालाय. थंड असताना धरून राहतो, तापला की सोडतो. बाहेरून पट्टा फिरताना दिसणार, आत पाणी जागचं हलणार नाही. बसवताना हे मलासुद्धा कळलं नसतं."

एवारिस्तोने ब्लेडने पॅकिंग खरवडून काढलं. फाटलं, पण मधलं भोक शाबूत होतं. तेवढ्यात मायदेलीन आली. पोटावर हात ठेवून ती फाटकापाशीच थांबली.

"झालं का?" तिने तिथूनच विचारलं.

तो तिच्याजवळ गेला आणि तो ओला पुठ्ठा त्याने तिच्यापुढे धरला. "भोक पाडलं होतं मी," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. रविवार, कॉफी, हे तेरा महिने.

मायदेलीन ऐकत राहिली. मग फाटकाच्या पायरीवर बसली.

"तुम्हाला वाटत होतं, तुमच्यामुळे?"

"मग आणखी कुणामुळे?"

"तुम्ही त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द काढला नाहीत, बाबा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही मनातल्या मनात मलाच..." तिने फ्रॉकच्या बाहीने नाक पुसलं. "गाडी मी चालवत होते. सगळा रस्ता मी आईकडे बघत होते. इंजिनाच्या गरमीच्या काट्याकडे एकदासुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर वेळेत थांबले असते, पाणी ओतलं असतं. पुढे जाता आलं असतं."

कुंदोने पटकन तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तो रडतोय की हसतोय, ते कळत नव्हतं.

एवारिस्तो मुलीशेजारी पायरीवर बसला. काळ्या हातांनीच त्याने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"अगं वेडे," तो म्हणाला, "तो काटा तुझ्या लग्नाच्या आधीपासून बंद आहे."