पाचवं गाणं

चौथं गाणंही सुरुचीने काढून टाकलं.

"अगं, कॉपीराइटच्या तपासणीत पास झालं होतं ते," निनाद म्हणाला. "हिरवी खूण आली होती. मी बघितली."

"लय जमत नाही."

"कड्यावर चढणाऱ्या बाईला लय कशाला हवी? नुसता वाऱ्याचा आवाज राहू दे."

सुरुची उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा उठली. पुण्यापासून हजारो मैल दूर, क्लेटनमधल्या त्या छोट्याशा फ्लॅटमध्ये येरझारा घालायला जेमतेम सात पावलं मिळत होती, आणि लॉकडाऊन लागल्यापासून तिने ती झिजवून टाकली होती. निनाद तिचा हाउसमेट. आयटीतला असल्याने त्याला घरबसल्या पगारही मिळत होता आणि सल्ले द्यायला वेळही.

तिच्या कॅफेतल्या शिफ्ट मात्र बंद झाल्या होत्या. एका क्लाइंबिंग जिमला इन्स्ट्रक्टर हवा होता. समोर बोलावून परीक्षा घेता येत नव्हती, म्हणून त्यांनी घरी बनवलेले व्हिडिओ मागवले होते. अटी दोन. व्हिडिओ नेटवर सगळ्यांना दिसेल असा हवा, कारण मेंबर मतं देणार. आणि शीर्षकात स्वतःचं पूर्ण नाव हवं. मुदत आज, शुक्रवारी, संध्याकाळी पाचपर्यंत. ही नोकरी हुकली तर पुढच्या महिन्याचं भाडं कुठून द्यायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

व्हिडिओ झकास होता. एप्रिलमध्ये, जरा मोकळीक असताना, मैत्रिणीने शूट केलेला. सरळसोट कडा, त्यावर दोराला बांधलेली सुरुची आणि शेवटी माथ्यावरून खाली बघताना तिचा हसरा चेहरा. घोडं अडलं होतं ते गाण्यापाशी. पहिल्या गाण्याची मालक कंपनी म्हणाली, व्हिडिओ ठेवा, पण जाहिरातींचे पैसे आमचे. "घेऊ देत की बापडे," निनाद म्हणाला; तिने काढून टाकलं. दुसऱ्या गाण्याने व्हिडिओ जगभर बंद पडला. तिसऱ्याचं पहिल्यासारखंच झालं. चौथ्याला तर कुणीच हरकत घेतली नव्हती.

फोन वाजला. पुण्याहून आई.

"आला का गं व्हिडिओ?"

आजची ही तिसरी वेळ. चूक निनादची. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलमध्ये मधेच डोकावून तो म्हणाला होता, "काकू, सुरुचीचा नोकरीसाठीचा व्हिडिओ येतोय, नक्की बघा." तो आणखी काही बोलायच्या आत सुरुचीने फोन त्याच्यापासून लांब नेला होता. तेव्हापासून आईने ध्यास घेतला. दुसऱ्या लाटेत ती दोन महिने एकटी घरात कोंडलेली होती, तिला वाट बघायला काहीतरी मिळालं होतं.

"येईल, आई. आजच येईल."

"शेजारच्या विनिताने शिकवलंय मला. तुझं नाव टाकलं की सापडतं म्हणे. मी टीव्हीवर लावणार, मोठ्ठा."

"हो," सुरुची म्हणाली. फोन ठेवून तिने पाण्याचा ग्लास भरला आणि तसाच ओट्यावर विसरली.

साडेचार झाले. पाचवं गाणं एक जुनं मराठी भावगीत होतं, कुठल्याशा विस्मरणात गेलेल्या कंपनीचं.

"भावगीत? इथले मेंबर काय म्हणतील गं?"

"त्यांना चालेल."

अपलोड गोगलगायीसारखं सरकत होतं. सुरुचीने अंगठ्याचं नख कुरतडून संपवलं. पावणेपाचला निकाल आला. निनादने वाकून वाचला आणि कपाळाला हात लावला.

"एका देशात बंद. आणि देश कुठला, तर आपलाच. अगं, काकूंना दिसणारच नाही हा. थांब, चौथं परत टाकू. अजून पंधरा मिनिटं आहेत."

"नको."

"होईल गं तेवढ्यात."

सुरुचीने पब्लिश दाबलं आणि लिंक जिमला पाठवून दिली. मग खुर्चीत बसली आणि बसून राहिली.

पाचला आईचा फोन आला. "अगं, इथे नुसता काळा पडदा दिसतोय. तुमच्या देशात उपलब्ध नाही म्हणे."

"गाण्याच्या कॉपीराइटचा घोळ झालाय, आई. तिकडे नाही दिसणार."

"मग बदल ना गाणं."

"मुदत संपली गं."

"जाऊ दे. पण होता कशाचा, तेवढं तरी सांग."

"ऑफिसचं प्रेझेंटेशन. आकडे आणि तक्ते. तुला कंटाळाच आला असता."

तिने फोन ठेवला. निनाद तिच्याकडे बघत राहिला. "ऑफिसचं प्रेझेंटेशन?"

"दादा कड्यावरून पडला, तेव्हापासून आईने घरात कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा ठेवलेली नाही," सुरुची म्हणाली. "भारतात बंद असलेलं गाणं शोधायला मला चार दिवस लागले."