सूर्यमंदिरावरचं चर्च

पेरू देशातल्या कुस्को शहरात एका चर्चखाली इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंती अजून उभ्या होत्या. वसईच्या फिलोमिनाबाई सून शर्वरीबरोबर तिथे मिस्साच्या उपासनेला आल्या होत्या. दारात एका म्हातारीने मंदिराच्या दगडाला कपाळ टेकवलं, मग क्रुसाची खूण करून ती आत गेली.

मिस्सा संपल्यावर बाईंनी शर्वरीला त्या म्हातारीला स्पॅनिशमध्ये विचारायला सांगितलं, “नमस्कार नेमका कोणाला?”

म्हातारी हसून बोलली.

“दोघांनाही,” शर्वरीने सांगितलं. “म्हणते, भूकंपात चर्च पडलं, भिंती राहिल्या. त्यांच्यावरच चर्च पुन्हा उभं राहिलं. मग एकाला वगळू कशी?”

बाई पायरीवर बसल्या. लग्नात शर्वरीला माहेराहून मिळालेली पितळी अन्नपूर्णा त्यांनीच उंबऱ्यावरून परत पाठवली होती.

“तुझी अन्नपूर्णा माहेरीच आहे ना?”

“हो.”

“घेऊन ये. घरच्या क्रुसाशेजारची फळी मी रिकामी करते.”