पांढऱ्या परातीतलं पाणी

"परात नीट बघा," बंडोपंत म्हणाले. "पांढरी मुद्दामच आणली आहे. पाणी खोटं बोलत नाही."

त्यांची मुलगी शरयू अंगणात पाटावर उकिडवी बसली. समोर एनॅमलची परात, बाजूला मिठाच्या कोमट पाण्यानं भरलेला पितळी गंज. सतरंजीवर शिबिराला आलेली माणसं शाली पांघरून बसली होती. १९८५चा जानेवारी होता आणि वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला बंडोपंतांच्या घरी भरलेल्या निसर्गोपचार शिबिराचा शेवटचा दिवस. आधीच्या दोन्ही सकाळी शरयूनं हेच करून दाखवलं होतं. रिकाम्या पोटी मिठाचं पाणी प्यायचं आणि उलटून टाकायचं. कुंजल. दोन्ही दिवस पाणी जसं आत गेलं तसंच बाहेर आलं आणि लोकांनी माना डोलावल्या.

आज तिचं पोट रिकामं नव्हतं. घर उठायच्या आधी तिनं समारोपासाठी केलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा अख्खा डबा संपवला होता.

"पोरीचे गाल पाहा न कसे भरून राह्यले!" सिंदीचे रूपराव पुढूनच म्हणाले. "आमच्या घरच्या पोरी दूध-तूप खाऊन वाळल्या, अन् बंडोपंताची पाणी पिऊन फुगली!"

सतरंजी हसली. बंडोपंतही हसले. त्यांनी शरयूचा उजवा हात धरून सगळ्यांना दिसेल असा वर केला. बोटांच्या पेरांवर काळपट घट्टे होते.

"ही साधनेची खूण. घशात बोटं घालताना दातांना घासून पडले आहेत. रोज सकाळी एकदा, पण खंड नाही."

रोज एकदा केल्यानं असे घट्टे पडत नाहीत. हे त्या अंगणात फार थोड्यांना ठाऊक होतं. सतराव्या वर्षी वडिलांनी शिकवलेलं ते कुंजल शरयूला पुढे दुपारी उपयोगी पडू लागलं. आई महिला मंडळात गेली, वडील वाचनालयात गेले की ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खायची. भाकरी, गूळ, कधी कोरडं पीठसुद्धा. चव नाही, भूक नाही, कोणी मागे लागल्यासारखं. मग मोरी. मग देवासमोर शपथ. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. ती त्याला स्वतःचा हावरटपणा म्हणायची. दुसरा शब्द तिच्यापाशी नव्हता.

तो काल मिळाला. वर्ध्याच्या एका दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टर, माणिक देशकर, झोपेवर व्याख्यान द्यायला आल्या होत्या. पाण्याचा पेला घेताना त्यांची नजर शरयूच्या पेरांवर थबकली. व्याख्यान संपवता संपवता, विषय नसताना, त्या म्हणाल्या, "काही मुली चोरून खूप खातात आणि मग मुद्दाम ओकतात. लाजेपायी कोणाला सांगत नाहीत. हा हावरटपणा नाही, वाईट वळण नाही. आजार आहे. त्यावर उपचार आहेत, मी करते."

"आम्ही पोट साफ कराले आलो," रूपरावांनी शेजाऱ्याला ऐकवलं, "अन् ह्या बाई डोकं साफ कराले निघाल्या!"

आभार मानताना बंडोपंत म्हणाले होते, "हे मुंबईच्या बड्या घरांतले चोचले. माझ्या घरात औषधाची बाटलीसुद्धा नाही." नंतर डॉक्टरीणबाई शरयूकडे वळल्या, पण बंडोपंत बोलत बोलत त्यांना थेट फाटकापर्यंत घेऊन गेले. शरयू दाराशीच उभी राहिली.

आज समारोपाला त्या पुन्हा आल्या होत्या. मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

आई घरातून लगबगीनं आली. तिनं रिकामा डबा पाहिला होता. ती शरयूच्या कानाशी वाकली.

"तुझी अडचण आहे म्हणून सांगते त्यांना. ऊठ तू."

एवढं पुरलं असतं. त्या कारणापुढे बंडोपंतांनी एक शब्द विचारला नसता. शरयूनं मान हलवली.

"नको, आई."

तिनं पेला तोंडाला लावला. एक झाला, दुसरा झाला. त्या गारठ्यात तिच्या कपाळावर पाणी जमलं.

"माय वो, पोरीले घाम काऊन सुटून राह्यला?" सतरंजीवरच्या अनुसयाबाई म्हणाल्या.

"शरीरातली उष्णता निघते," बंडोपंतांनी समजावलं. "आता पाण्याकडे लक्ष द्या."

शरयू वाकली.

पांढऱ्या परातीत तपकिरी पाणी पसरलं. त्यात शेंगदाण्याचे तुकडे होते. रूपरावांचं तोंड उघडंच राहिलं. आईनं पदर तोंडावर दाबला.

बंडोपंत परातीकडे बघत राहिले. मग त्यांनी शरयूचा हात पुन्हा उचलला. या वेळी तो कोणाला दाखवला नाही. स्वतःच डोळ्यांजवळ नेला, एकेका पेरावरून अंगठा फिरवला.

"सकाळखेरीजही?"

"रोज दुपारी, बाबा."

कडक इस्त्रीच्या धोतरानिशी ते ओल्या जमिनीवर खाली बसले. त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. "डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "जरा इकडे येता का?"

त्या केव्हाच उठून निघाल्या होत्या. शरयूशेजारी टेकत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "आज लोकांसमोर बसायचंय हे माहीत होतं ना? तरी नाही आवरलं?"

शरयूनं पदरानं तोंड पुसलं.

"आज आवरलं होतं. लाडू मुद्दाम खाल्ले. माझं बाबांनी मानलं नसतं. पाण्याचं मानतात."