तिनं भरलेलं पाणी

दिवा लागला होता, पण समईच्या वातीएवढाच. वनिता हातातली बॅग खाली न ठेवताच परसातल्या टाक्यांपाशी गेली. खाडीकाठच्या प्रत्येक घरामागं अशा दोन टाक्या होत्या. एकीत मिठागरातलं दाट खारं पाणी, दुसरीत गोडं, मधे पातळ पडदा. दोन्हींच्या खारटपणात जेवढा फरक, तेवढी घराला वीज.

टाक्या बसवल्या त्या वर्षी तिच्या बाबांनी, म्हणजे मिठागरात जन्म काढलेल्या हसूरामनं, जास्त उजेड पडावा म्हणून गोड्या टाकीतही टोपलीभर मीठ ओतलं होतं. घरात मिट्ट काळोख झाला. आई तोंडाला पदर लावून किती तरी वेळ हसत होती. तेव्हापासून गोड्या टाकीला तिनं बाबांना हात लावू दिला नाही. दर पौर्णिमेला तीच विहिरीवरून हंडे आणायची.

"बाबा, पाणी बदललंच नाही का?"

"तिनं भरलेलं आहे," बाबा म्हणाले. "मी कशालाच हात लावला नाही."

आईला जाऊन तीन महिने झाले होते.

वनितानं दोन्ही टाक्यांत बोट बुडवून चाखलं. "चव जवळजवळ एकच झालीय, बाबा. तिचं पाणी आता तुमच्या खाऱ्या टाकीतही आहे."

बाबांनीही चाखून पाहिलं. मग कोपऱ्यातला आईचा हंडा उचलला.

"जुनं फेकू नकोस," विहिरीकडे जाताना ते म्हणाले. "मिठाच्या वाफ्यात सोड. सुकून मीठ झालं की जेवणात घेता येईल."