जाळीपलीकडचा

लहानू सुताराच्या तोंडात तीन खिळे होते, म्हणूनच तो वेळेवर ओरडू शकला नाही. नाहीतर सेलूच्या त्या इवल्याशा चर्चमध्ये असं काही घडलंच नसतं.

कबुलीजबाबाची नवी पेटी होती. लहानूनं आठ दिवस खपून बनवलेली. मतदानाच्या आडोशासारखी दिसायची, पण उभी आणि दोन खणांची, मधे जाळी. आतली बैठक डुगडुगते का, हे पाहायला तो फादरच्या खणात जाऊन बसला होता. आणि पलीकडच्या खणात कोणीतरी गुडघे टेकले.

या पेटीनं त्याला आठ दिवस छळलं होतं. फादर केरळातले, मराठी बेताची. पण लहानूनं विचारून विचारून त्यांच्याकडून सगळं काढलं होतं. एका बाजूनं माणूस आपलं पाप सांगतो. दुसरीकडून फादर ऐकतात, देवाच्या नावानं माफी देतात, आणि पापाची भरपाई म्हणून काहीतरी करायला लावतात. ऐकलेलं मात्र पेटीच्या बाहेर जात नाही. यावर लहानूनं विचारलं होतं, की बाहेर सांगायचं नसेल तर ऐकून फायदा काय? फादर हसले होते आणि रंगाचा डबा आणायला लूनावरून वर्ध्याला गेले होते. बूट वाजवत. देवाच्या घरात हा माणूस बूट घालून फिरतो, याचंही लहानूला पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं. त्याच्या स्वतःच्या चपला बाहेर पायरीवर होत्या. टायरच्या, डाव्या पट्ट्याला निळी वायर बांधलेल्या.

"फादर," जाळीतून आवाज आला, "म्या एका माणसाले चोर केलं."

लहानूनं आवाज ओळखला. गावातलीच जयवंताबाई. त्यानं घाईनं खिळे तळहातावर काढले, पण ती थांबणार नव्हती.

"लहानू सुतार हाय ना, त्याले. पोरीच्या लग्नात चांदीचे तोडे हरवले, तवा तो चौकट बसवून राह्यला होता. म्या चौकात त्याचं नाव घेतलं. आठ दिवसांनी तोडे मह्याच ज्वारीच्या कोठीत सापडले. म्याच ठेवले होते. लाजेपायी बोलली नाई."

एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं लहानू कोणाच्याही घरचं काम संपलं की निघताना उंबऱ्यावर हत्यारांची पिशवी स्वतः उलटी करायचा. रंधा, पटाशी, करवत, हातोडी. सगळं मांडून दाखवायचा आणि पुन्हा भरायचा. कोणी सांगायच्या आधीच. पोरं त्याला जादूचा खेळ म्हणायची.

आणि आता न्यायाची गादी त्याच्याच बुडाखाली होती. भर आठवडी बाजारात उभी राहा आणि मोठ्यानं सांग, एवढंच म्हणायचं होतं. तिनं फादरचा हुकूम म्हणून ऐकलंही असतं. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं.

"माफी हाय का नाई?" तिनं विचारलं.

जाळीखालची फळी थरथरत होती. आपण ठोकलेली फळी हलत नाही, हे लहानूला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हलत होती ती बाई.

"हाय," तो आवाज जाड करून म्हणाला. "झाली माफी. जा तू."

काही कराले? तिनं विचारलं. काही नाही, तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला.

ती गेल्यावर त्यानं हातातले तिन्ही खिळे बैठकीला ठोकले. बाहेर आला तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा-बारा जण जमले होते, फादरही लूना लावत होते. जयवंताबाई पायरीवर बसली होती. लहानूनं सवयीनं उंबऱ्यावर पिशवी उलटी करायला घेतली. तिनं त्याचा हात धरला.

"नको उलटवू," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तोडे मह्याच कोठीत सापडले होते. लहानूनं कधी काही नाई चोरलं."

फादरच्या हातातला रंगाचा डबा हातातच राहिला. लहानू तिच्याजवळ वाकला, आणि जे विचारायला नको होतं तेच विचारून बसला.

"पण बाई, आतल्यानं त तुले काहीच कराले सांगितलं नव्हतं."

जयवंताबाईनं त्याच्या चपला उचलल्या, निळ्या वायरीची गाठ घट्ट केली आणि त्या त्याच्या पायांपुढे सरळ मांडल्या.

"आतल्याच्या चपला बाहेर होत्या, बाबू. त्या पाहूनच आत आली मी. फादर त बूट घालते."