धवलारणीचा पाट

गुणाबाईने दारातूनच आंबिलीची किटली पुढे केली. "सासूला पाज. माजं नाव घेऊ नको. सांग, माहेरशी आलंय."

मोनालीचा हात जागीच थबकला. लग्नात पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नगाणी, गायचा मान तिच्या सासूचा, भीमाबाईचा, आणि त्या पाटावर डोळा गुणाबाईचा, हे सगळ्या खांदा कॉलनीला ठाऊक होतं. धवलारीण मधेच उठली की पाट दुसरीचा. टायफॉइडपासून तर बिघडलेल्या पोटामुळे भीमाबाईला घटकाभर एका जागी बसवत नव्हतं, आणि पुतण्याचं, प्रितमचं, लग्न महिन्यावर आलेलं.

डॉक्टर म्हणाले होते, "औषधांनी वाईट जंतूंबरोबर पोटातले चांगलेही गेले. ताक, आंबील घ्या. नाचणी, कडधान्यं, भाज्या खा. हळूहळू परत वसतील."

"म्हंजी जंतू पन परकल्पग्रस्त झालं," भीमाबाई म्हणाली आणि आंबिलीला शिवली नाही. गरिबीत पुष्कळ प्यायली होती. शेतावर बिल्डिंग उभी राहिल्यापासून बाईचा नाश्ता पाव-बटरचा. मात्र सुनेच्या माहेरचं परतवलं तर विहीण बोल लावणार, एवढा हिशेब तिला येत होता. ती नाक मुरडत प्यायली. मग मागून प्यायली. मग ताटात नाचणीची भाकरी आणि वालाची उसळही आली.

किटली रोज येऊ लागली, आणि मोनाली रोज आधी स्वतः घोट घ्यायची. विषाची नाही, पण जुलाबाची शंका होतीच. वाईट इतकंच निघालं, की आंबील तिच्या आईच्या हातापेक्षा चवदार होती.

हळदीच्या दिवशी भीमाबाई पाटावर बसली. मागे गुणाबाई, ओळ झेलायला. भीमाबाई श्वासाला थांबली की बायकांचे डोळे मोरीच्या दाराकडे जात. ती उठली नाही. गणपतीच्या धवल्यापासून शेवटच्या धवल्यापर्यंत तिने मांडव असा भरून टाकला, की डीजेवाल्याने स्वतः वायर काढून ठेवली.

मोनालीने गुणाबाईला बाजूला गाठलं. "मावशी, किटली दिली नसती तर आज पाट तुमचाच होता."

"व्हता की," गुणाबाई म्हणाली. "पन लोक काय बोलली असती? भीमाचं पोट बिघाडलं म्हून गुणा बसली." तिने पदर खोचला. "तिला चांगली ठनठनीत ठेव. पुढच्या हळदीला मना तिला गाऊन उठवायची हाय."